जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी

मोशीहून चाकणकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की इंद्रायणीला मिळणारा एक ओढा लागतो. त्याच्या काठावर आमचं घर आहे. आजूबाजूला पूर्वी आमचा मळा होता. आता निम्म्या जागेत गोदामं आहेत आणि उरलेल्या जागेत भाड्याच्या सहा खोल्या, आमचं घर आणि आबांचा गोठा. आबा म्हणजे माझे वडील. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामाला आहे. बायको घरी शिवणकाम करते. आई गेल्यापासून आबांचा सगळा दिवस गोठ्यातच जातो. त्या वर्षी गोठ्यात दोन म्हशी, एक संकरित गाय आणि एक कालवड होती. गाय सात महिन्यांची गाभण होती आणि आबांचा जीव तिच्यात अडकलेला होता.

तो उन्हाळा जनावरांना फार जड गेला. मार्चपासूनच गोठ्याचा पत्रा असा तापायचा की दुपारी आत उभं राहवायचं नाही. म्हशी तोंड उघडं टाकून धापा टाकायच्या. आबा बारदान भिजवून गाईच्या पाठीवर घालायचे आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचे. दूध कमी झालं होतं. थंडीत मरून जाणाऱ्या गोचिडी त्या वर्षी थंडीतही गेल्या नव्हत्या, त्यामुळे कालवडीची कातडी जागोजागी सोलली होती. कंपनीत दुपारच्या शिफ्टला आमचीच माणसं चक्कर येऊन खाली बसत होती. सुपरवायझरने लाइनच्या टोकाला मीठ-साखरेच्या पाण्याचा पिंप ठेवला होता. मी तिथलं पाणी पीत असे आणि मला घरच्या जनावरांची आठवण येत असे.

मग मे महिन्यातच पाऊस आला. वळीव आम्हाला नवा नाही. तासभर धिंगाणा घालून तो निघून जातो. हा पाऊस मात्र चार दिवस हलला नाही. ऐन उन्हाळ्यात आषाढासारखी झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बससाठी निघालो होतो, एवढ्यात बायकोने हाक मारली. ओढा फुगला होता. गोदामवाल्यांनी भराव टाकताना ओढ्यात सिमेंटची एकच नळी बसवली होती आणि ती प्लास्टिकने तुंबली होती. पाण्याला जायला वाट राहिली नव्हती, म्हणून ते गोठ्यात शिरलं होतं.

मी धावत मागे गेलो तेव्हा आबा आधीच आत होते. अनवाणी, गुडघाभर काळ्या पाण्यात. जनावरं दाव्याला हिसडे देत होती. आमच्या एका खोलीत लातूरकडचा एक वेल्डर भाड्याने राहतो, चाळिशीचा, अबोल माणूस. तोही लुंगी खोचून आत उतरला. मी बूट काढायला लागलो तसे आबा ओरडले, "तू न्हाई यायचं आत. तू वरनं दावी धर!"

पाण्यात उंदीर पोहत होते. उंदीर कसले, घुशीच होत्या. गोदामातून बाहेर पडून त्या गव्हाणीवर, वैरणीच्या गंजीवर, जिथे कोरडं मिळेल तिथे चढत होत्या. आबांनी आणि वेल्डरने एकेक जनावर सोडून वर आणलं, मी ते ओढून घराच्या पडवीत बांधलं. गाय शेवटी आली. ती यायला तयार नव्हती. आबा तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राहिले, तेव्हा ती हलली. या सगळ्यात दोन तास गेले. चारही जनावरं वाचली म्हणून आबा खुशीत होते. त्यांच्या टाचांना बाराही महिने भेगा असतात. त्यातून रक्त येत होतं. त्यांनी गरम पाण्याने पाय धुतले, चहा घेतला आणि वेल्डरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गड्या, तू नसतास तर आज काय खरं नव्हतं."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी कामावर गेलो. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

पाणी ओसरलं. गोठा साफ करायला तीन दिवस लागले. तेही काम आबांनीच केलं, तेही अनवाणी. मग ऊन पडलं आणि आठवडाभराने आबांना ताप आला.

आबा तापाने झोपणारे गृहस्थ नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही वेळेला धारा काढल्या. दुसऱ्या दिवशी उठताना भिंतीला धरलं. "अंग मोडून आलंय, पोटऱ्या लय दुकत्यात," एवढंच म्हणाले. मी त्यांना चौकातल्या दवाखान्यात नेलं. तिथे रांग लागली होती, सगळ्यांनाच ताप. डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. व्हायरल आहे, अशी साथच आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. आबांनी त्यांना पाण्याचं सांगितलं नाही, आणि माझ्याही डोक्यात ते आलं नाही. पाणी जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. आमच्या दृष्टीने ती गोष्ट संपली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाय गाभडली.

मी सेकंड शिफ्टला होतो म्हणून घरी होतो. बायको पहाटे वैरण टाकायला गेली आणि तशीच परत आली. तिचा चेहरा बघून मी तसाच गोठ्याकडे धावलो. गोठ्यात वासरू पडलं होतं, पूर्ण न भरलेलं, अंगावर केस नीट न आलेलं. गाय मान खाली घालून उभी होती. तिने मूत टाकलं ते लालसर होतं, कोऱ्या चहासारखं. आबा गोधडी गुंडाळून दारापर्यंत आले, त्यांनी ते पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसले. आई गेली तेव्हा त्यांना मी असं बसलेलं पाहिलं होतं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दहाच्या सुमाराला स्कूटीवर आल्या. तिशीतल्या असतील. मूळच्या कोकणातल्या, आमच्या भागात बदली होऊन वर्षच झालं होतं. आबांचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. पोरगी जनावराला बिचकते, असं ते मागे एकदा म्हणाले होते. त्या दिवशी मात्र ती पोरगी गोठ्याच्या बाहेरच थांबली. तिने डिकीतून गमबूट काढून घातले, कोपरापर्यंत हातमोजे चढवले आणि मला म्हणाली, "दादा, तुम्ही आत येऊ नका. वासराला हात लावलाय का कुणी?"

"नाही."

"मग लावू नका. खोल खड्डा काढा, चुना टाकून पुरू."

त्यांनी गाय तपासली, रक्त काढलं, लघवीचा नमुना घेतला. मग त्या गोठ्यात हळूहळू फिरल्या. भिंतीवर पाण्याची खूण अजून होती, तिथे हात ठेवून उभ्या राहिल्या. वैरणीखाली घुशींची बिळं होती, तिथे वाकून पाहिलं.

"पाणी कधी शिरलं होतं?"

मी सांगितलं.

"आत कोण गेलं होतं?"

"आबा. आणि एक भाडेकरू."

"अनवाणी?"

मी मान डोलावली. त्यांनी हातमोजे काढले, साबणाने दोनदा हात धुतले आणि मग एकदम विचारलं, "घरात कुणाला ताप आहे का?"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आबांना आहे. आज तिसरा दिवस."

त्या आत आल्या. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईंनी त्यांना हाक मारून इकडे वळायला सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे लाल होते. आम्ही ते जागरणाचे, रडण्याचे समजत होतो.

"आबा, पोटऱ्या दुखतात का?"

आबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आता म्हशींची डॉक्टरीण मला तपासनार व्हय?"

"तपासत नाही हो. नुसतं विचारते."

"दुकत्यात. हात लावू देत न्हाईत."

"लघवी किती वेळा झाली कालपासून?"

असा प्रश्न त्यांना लेकीच्या वयाच्या बाईने विचारावा हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बायको हळूच म्हणाली, "सकाळपासून गेलेच नाहीत."

बाई बाहेर आल्या आणि पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी एका कागदावर इंग्रजीत पाच-सहा ओळी लिहिल्या. कागद माझ्या हातात देताना त्यांचा आवाज अगदी शांत होता. "दादा, मी माणसांची डॉक्टर नाही. औषध देणार नाही, निदानही करणार नाही. पण मला लेप्टोची शंका आहे. घुशींच्या मुतातून पाण्यात येतो हा आजार. पायाला भेग असली की तिथून शिरतो. गाईलाही तोच असावा. ही चिठ्ठी घेऊन आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. संध्याकाळपर्यंत थांबू नका."

"पण डेंग्यू नाही म्हणाले..."

"डेंग्यू नाहीच. आमच्याकडे भात लावणीच्या दिवसांत हा ताप घरोघरी माहीत असतो. चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला की पहिली शंका हीच येते. इकडे कुणाच्या मनात येत नाही, कारण इकडे असं पाणी साचतच नव्हतं. आता पाऊस असा कधीही आणि एकदम पडायला लागलाय. मग हेही येणार."

त्या स्कूटीला किक मारता मारता थांबल्या. "तो भाडेकरू कुठे आहे?"

मी खोलीवर जाऊन दार वाजवलं. वेल्डर कामावर गेला नव्हता. कांबळं पांघरून पडला होता. "भाऊ, कालपासून कणकण यायलीय," तो म्हणाला. "आन् पोटऱ्या लई दुखायल्यात. मला वाटलं, काम जास्त झालं."

त्याला तसंच उठवलं. शेजाऱ्याची गाडी मागून आणली, दोघांना मागे बसवलं, बायको पुढे बसली. आमच्या घरापासून दवाखाना काही फार लांब नाही. पण चाकणच्या रस्त्यावर अंतराला अर्थ नसतो. पहिल्या चौकातच दोन कंटेनर वळताना अडकले होते. पुढे खड्ड्यात पाणी आणि पाण्याच्या कडेने एकेक गाडी. मी हॉर्न वाजवत होतो आणि आरशात आबांकडे बघत होतो. वेल्डर स्वतः तापलेला असून आबांचं डोकं खांद्यावर घेऊन बसला होता. एका ठिकाणी आबा डोळे न उघडता म्हणाले, "गायीला पानी पाजलं का रं?" बायको म्हणाली, "पाजलं." पाजलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, ती सरळ समोर बघत होती.

दवाखान्यात मला भीती होती ती चिठ्ठीची. जनावरांच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी माणसांचे डॉक्टर हातात तरी घेतील का? तिथल्या तरुण डॉक्टरांनी ती उभ्या उभ्या वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि आबांच्या पोटरीवर बोट दाबलं. आबा कळवळले. डॉक्टर मागे वळून सिस्टरला म्हणाले, "रक्त घ्या आणि लगेच औषध चालू करा. रिपोर्टची वाट बघायला नको." मग मला विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

मी सांगितलं.

"त्यांचा नंबर आहे ना तुमच्याकडे? मला हवाय."

तिथे उभा असताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण एकटे नाही.

पण त्यानंतरचे दोन दिवस वाईट होते. आबांच्या मूत्रपिंडावर ताण आला होता. लघवी होत नव्हती. नळी घातली, पिशवी लावली आणि त्या पिशवीकडे बघत बसणं हेच माझं काम झालं. कंपनीत दिवसभर मी भागांची मापं बघतो, मायक्रोमीटरवर. इथे पिशवीवरच्या रेघा बघत होतो. दर तासाला सिस्टर यायची, वाकून पाहायची, आकडा लिहायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की उद्यापर्यंत सुधारणा नाही झाली तर डायलिसिस करावं लागेल. आबा मध्येच जागे व्हायचे, मला ओळखायचे, पुन्हा झोपायचे. डोळ्यांचा पिवळेपणा मला दिसत होता पण मी बायकोला फोनवर सांगितला नाही. ती घरी परत गेली होती. गाईला इंजेक्शनं चालू होती, धारा होत्या, सगळं तिच्यावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास मी खाली चहा प्यायला गेलो. परत आलो तर सिस्टर पिशवी बदलत होती. भरलेली पिशवी होती ती. मी आयुष्यात कधी कुठली गोष्ट बघून इतका खूश झालो नसेन. सिस्टर हसली. म्हणाली, "बघा, आजोबांनी मनावर घेतलं!" दुपारी ताप उतरला. संध्याकाळी किडनीचा रिपोर्ट आदल्या दिवसापेक्षा चांगला आला. डॉक्टरांनी डायलिसिसचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. मी व्हरांड्यात जाऊन बायकोला फोन लावला. बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ती पलीकडून घाबरून "काय झालं? काय झालं?" विचारत राहिली. शेवटी मी म्हणालो, "चांगलं झालंय. चांगलं झालंय गं." मग दोघंही रडलो.

त्याच फोनवर तिने सांगितलं की गाय सकाळी गव्हाणीत तोंड घालून उभी होती. लघवीचा रंगही निवळला होता. मी हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "त्या पोरीला दुधाची किटली भरून दे."

"त्या म्हणाल्यात, गाईचं दूध अजून काही दिवस घ्यायचं नाही."

"मग म्हशीचं दे. उकळून दे."

वेल्डरला वेळेत औषध मिळालं होतं. त्याचं दुखणं वाढलंच नाही, चार दिवसांत तो चालता झाला. त्याच्या गावाहून त्याची आई आली होती. ती वॉर्डात आबांच्या खाटेपाशी येऊन म्हणाली, "तुमच्यामुळं पोरगं वाचलं." आबा म्हणाले, "माज्यामुळंच पाण्यात उतरला व्हता तो, बाई." दोघंही हसले. हसताना आबांना पोटरीत कळ आली.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या घरापुरतं बघून सोडून दिलं नाही. त्यांनी आरोग्य केंद्रात कळवलं. दोन आशाताई ओढ्याकाठच्या सगळ्या वस्तीत फिरल्या, पाण्यात कोण उतरलं होतं आणि कुणाला ताप आहे ते विचारत. आमच्या पलीकडच्या चाळीत आणखी दोघं निघाले, एक भंगारवाला आणि एक गोदामातला हमाल. दोघांनाही वेळेत नेलं. बायकोला आणि मला प्रतिबंधक गोळ्या दिल्या. इतर गोठ्यांतल्या जनावरांचेही नमुने घेतले गेले.

आबा नवव्या दिवशी घरी आले. कपडे अंगावर ढगळ झाले होते. पडवीत बसले, गाईला बाहेर आणायला सांगितलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिले. गाईने त्यांचा सदरा चाटला.

नंतर गावातले आम्ही दहा-बाराजण मिळून गोदामाच्या मॅनेजरकडे गेलो. आधी त्याने हे आमच्याकडे येत नाही, वरच्या ऑफिसात बोला, असं सांगितलं. आबा खुर्चीवर बसून होते, अजून अशक्त. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या गोदामातली मानसं बी त्याच वाटंनं जात्यात. तुमचा हमाल बी त्या दवाखान्यात व्हता." मॅनेजरने वरच्या ऑफिसला फोन लावला. पंधरा दिवसांनी ओढ्यात आणखी दोन मोठ्या नळ्या पडल्या. भराव तसाच आहे, ओढा पूर्वीसारखा रुंद झाला नाही आणि आता होणारही नाही. पण पाण्याला वाट मिळाली. गोठ्याची जमीन आम्ही हातभर उचलून घेतली, वैरणीसाठी मचाण केलं. मी कंपनीच्या स्टोअरमधून चौकशी करून आबांसाठी गमबूट आणले. त्यांनी ते आठ दिवस कोपऱ्यात ठेवले. पायात हत्ती बांधल्यासारखं वाटतं म्हणाले. मग एक दिवस बायकोने पाहिलं, ते अंगणात एकटेच ते घालून चालून बघत होते.

सप्टेंबरात पुन्हा तसाच पाऊस पडला, दुपारचा, दोन तासांत सगळं भरून टाकणारा. मी लाइनवर होतो. बाहेर काही दिसत नव्हतं आणि माझं लक्ष हातातल्या कामावर नव्हतं. कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये असतो. सुपरवायझरच म्हणाला, "जा भावा, एकदा घरी फोन करून ये."

आबांनीच उचलला.

"पानी आलंय," ते म्हणाले. "पार पायरीपातुर."

"तुम्ही कुठे आहात?"

"पडवीत. जनावरं गोठ्यातनं सोडून उंचावर बांधलीत, पानी यायच्या आदीच. म्या आत गेलो न्हाई." मग म्हणाले, "बाईंना बी फोन केला. त्या म्हनल्या, दहा दिवस ध्यान ठेवा. मानसांवर बी आन् जनावरांवर बी."

मागे पावसाचा आवाज येत होता आणि त्यात एक म्हैस ओरडत होती. मी विचारलं, "भाडेकरू?"

"सगळी घरात हायेत. समद्यांना बजावलंय. तू काम कर तुजं."

मी फोन लॉकरमध्ये ठेवला, हातमोजे चढवले आणि लाइनवर जाऊन उभा राहिलो. पुढचा भाग हातात घेतला, माप घेतलं. बरोबर होतं.